हँडल सरळ धरू नकोस!

सायकल शिकणाऱ्या मुलाच्या मागे धावताना आपण हमखास ओरडतो, "हँडल सरळ धर!" नेमकं तेच करायचं नसतं. सायकल डावीकडे कलली की हँडलही डावीकडेच वळवावं लागतं, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. घाबरलेलं मूल उलट बाजूला ओढतं आणि गुडघा फोडून घेतं.

हे सांगून कळत नाही. डोकं कललं की कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा खबर देते, डोळे आणि सांधे आपापली भर घालतात आणि डोक्याच्या मागच्या भागातला लहान मेंदू त्यावरून हातापायांना हुकूम सोडतो. दर धडपडीगणिक हा हिशेब सुधारत जातो. मग एका संध्याकाळी मागचा हात कधी सुटला, हे मुलाला कळतही नाही.

म्हणूनच बाजूची दोन छोटी चाकं मला पटत नाहीत. ती सायकलला कलूच देत नाहीत, मग सावरायचं शिकणार कसं? त्यापेक्षा पायडल काढा, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या आणि मुलाला ढकलत ढकलत जाऊ द्या. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, भुवयांच्या वर दोन बोटं.

तोल आला की फायदा हृदयाला. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात संशोधकांनी शाळकरी मुलांचा दमसास मोजला. सायकलने शाळेत जाणारी मुलं गाडीने जाणाऱ्यांपेक्षा तर सरस होतीच, पण चालत जाणाऱ्यांपेक्षाही. मुळात दणकट मुलंच सायकल घेत असतील, अशी शंका येते. पण नवव्या वर्षी सायकल न वापरणारी जी मुलं पंधराव्या वर्षी सायकलने शाळेत जात होती, तीही सायकल न धरणाऱ्यांच्या पुढे निघाली. चढावर मांड्यांचे मोठे स्नायू जास्त प्राणवायू मागतात, हृदयाला जोरात रक्त ढकलावं लागतं. रोज हे घडलं की एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जाऊ लागतं.

सायकलचं एक उणंही आहे. अंगाचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे हाडांना हवे तसे दणके बसत नाहीत. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आठवड्यातून किमान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे प्रकारही हवेत. तेव्हा सायकल भिंतीला टेकवून पोरं लंगडी खेळायला पळाली, तर अभ्यासासाठी लगेच हाक मारू नका.