मॅजिक ब्लूची बाटली पावसाळ्यात कशी सांभाळावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या कॉलेजांतल्या आमच्या सर-मॅडमना नमस्कार.

मॅजिक ब्लू हे गडद निळं रसायन आम्ही तुमच्या लॅबना पुरवतो. गेल्या जुलैत दोन लॅबमधून त्याबद्दल एकच तक्रार आली: डायमर (दोन सारखे रेणू जुळून झालेला जोड-रेणू) मिळालाच नाही, फ्लास्कच्या तळाशी डिंकासारखं काहीतरी चिकटून बसलं. चूक आमची होती. फ्रीजमधली मोठी बाटली गार असतानाच उघडून आम्ही एकेक ग्रॅमच्या कुप्या भरल्या. बाहेर मिरगापासून धरलेला पाऊस. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं ते बाटलीच्या आत सुटलं.

मॅजिक ब्लू म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी असलेला अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुग), आयता बाटलीत भरलेला रॅडिकल कॅटायन, म्हणजे धनभार आणि एक एकटा इलेक्ट्रॉन असलेला कण. डील्स-आल्डर सायक्लोअ‍ॅडिशनला, म्हणजे दोन रेणू जुळून वलय बनवणाऱ्या अभिक्रियेला, एरवी एक रेणू इलेक्ट्रॉनने भरलेला आणि दुसरा इलेक्ट्रॉनचा भुकेला लागतो. १,३-सायक्लोहेक्झाडाइनचे दोन्ही रेणू भरलेलेच, त्यामुळे नुसत्या उष्णतेने जोडायचे तर २०० अंशांवर तासन्‌तास तापवावं लागतं. चिमूटभर मॅजिक ब्लू एका रेणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. तो रेणू भुकेला होतो, शेजाऱ्याशी जुळतो, वलय तयार होतं. हे नवं वलय आपली उणीव पुढच्या डाइनकडून (सायक्लोहेक्झाडाइनच्या रेणूकडून) भरून घेतं आणि साखळी चालू राहते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ नेथन बॉल्ड यांच्या गटाने १९८१ मध्ये हे काम ० अंशाला १५ मिनिटांत करून दाखवलं. इतकी सुंदर अभिक्रिया आपल्या मुलांनी स्वतःच्या हाताने करावी, म्हणून तर आम्ही हा क्षार ठेवतो.

यातला हेक्झाक्लोरोअँटिमोनेट (क्षाराचा ऋणभाराचा भाग, अँटिमनी आणि क्लोरीनचा) मात्र ओल सहन करत नाही. पाणी लागलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते डाइनचं पॉलिमर करतं. तोच तो डिंक.

म्हणून कुपी फ्रीजमधून काढल्यावर डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा. अभिक्रियेचा द्रावक, डायक्लोरोमिथेन, कोरडं करून घ्या. अभिक्रिया खरंच रॅडिकल कॅटायनच्या वाटेने गेली का, हे पाहायचं असेल तर २,६-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडीन घालून एकदा करा: ते आम्ल धरून ठेवतं, तरीही डायमर मिळाला तर शंका उरत नाही. हातमोजे घाला, काम फ्यूम हूडखाली करा. अँटिमनीचं उरलंसुरलं सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

आता कुप्या आम्ही कोरड्या नायट्रोजनखाली भरतो. तरीही गडद निळा रंग उतरलेला दिसला, तर ती कुपी वापरू नका, परत आणा. बिल नसलं तरी बदलून देऊ.