विमान हवाबंद नसतं

२० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी जेट एअरवेजचं मुंबईहून जयपूरला निघालेलं बोईंग ७३७-८०० थोड्याच वेळात मुंबईला परत आलं. १६६ प्रवाशांपैकी सुमारे तीस जणांच्या नाकातून किंवा कानातून रक्त आलं होतं. छतातून ऑक्सिजनचे मास्क खाली लोंबत होते. विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलेलं कारण एका ओळीचं होतं. वर चढताना केबिनमधला दाब राखण्यासाठीचं बटण वैमानिकांकडून चालू करायचं राहून गेलं.

त्या बातमीनंतर एक प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकला. असं बटण मुळात असतंच कशाला? दारं लावली की जमिनीवरची हवा आत कोंडली जाते, मग वर गेल्यावर तिचा दाब कमी का व्हावा? काही जणांना वाटतं की विमानात ऑक्सिजनच्या मोठ्या टाक्या असतात आणि प्रवासभर तोच पुरवला जातो. दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रवासी विमान हवाबंद नसतं. ते सतत गळत असतं, आणि ही गळती मुद्दाम ठेवलेली असते. विमानातल्या सगळ्या यंत्रणांमध्ये मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच.

आधी बाहेरची परिस्थिती पाहू. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. १८,००० फुटांवर तो निम्मा होतो. ४१,००० फुटांवर, म्हणजे ७३७-८०० ला जिथपर्यंत जायची परवानगी आहे तिथे, तो २.६ पौंडांवर येतो आणि तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, हे शाळेत नीट सांगितलं जात नाही. कमी होतो तो दाब, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलण्याचं काम दाबच करतो. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय माणूस काही कामाचा राहतो तो अर्धा ते एक मिनिट.

मग आत हवा भरायची कुठून? पंप तर विमानाला आधीच लावलेले असतात. जेट इंजिनाचा पुढचा भाग म्हणजे एक प्रचंड ताकदीचा कॉम्प्रेसरच असतो. ७३७-८०० च्या इंजिनात जास्त दाबाच्या कॉम्प्रेसरचे नऊ टप्पे आहेत. बाहेरची विरळ हवा एकेका टप्प्यातून पुढे जाते तशी दाबली जाते आणि तापत जाते. पाचव्या टप्प्यापाशी नळी लावून यातली थोडी हवा काढून घेतात. इंजिन मंद चालत असताना पाचव्या टप्प्यावर पुरेसा दाब मिळत नाही, तेव्हा नवव्या टप्प्यातून घेतात. या हवेला ब्लीड एअर म्हणतात. ती इंधनात मिसळण्याच्या आधीच काढलेली असते, त्यामुळे आपण इंजिनाचा धूर श्वासात घेतो ही भीती निराधार आहे. त्या बातमीतलं बटण याच ब्लीड हवेचं होतं.

पण ही हवा दोनशे अंशांच्या पुढे तापलेली असते. ती थंड कशी करायची? घरच्या एसीसारखा गॅस इथे नसतो. विमानाच्या पोटात दोन 'पॅक' असतात. गरम हवा आधी एका रेडिएटरमधून जाते, तिथे बाहेरच्या थंड वाऱ्याला उष्णता देते. मग एक छोटा कॉम्प्रेसर तिला आणखी दाबतो, त्यामुळे ती पुन्हा तापते. थंड करायच्या हवेला मुद्दाम तापवायचं कारण असं, की हवा जितकी गरम तितकी ती बाहेरच्या वाऱ्याला उष्णता भराभर देते. दुसऱ्या रेडिएटरमध्ये तेच होतं. त्यानंतर ही दाबलेली हवा एका टर्बाइनवर सोडतात. टर्बाइन फिरवण्यात हवेची ऊर्जा खर्च होते, ती प्रसरण पावते आणि एकदम गार पडते, कधी कधी शून्याच्याही खाली. आणि ते टर्बाइन ज्या दांड्यावर फिरतं त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला मघाचा छोटा कॉम्प्रेसर बसवलेला असतो! म्हणजे हवा स्वतःला थंड करता करता स्वतःला दाबायचं कामही करून घेते. वाटेत पाणी वेगळं केलं जातं आणि गरजेपुरती गरम हवा मिसळून ती केबिनमध्ये येते. डोक्यावरच्या गोल झरोक्यातून येणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी ही अशी ताजी असते, उरलेली केबिनचीच हवा गाळून पुन्हा फिरवलेली. दोन-तीन मिनिटांत केबिनमधली सगळी हवा बदलते. तेव्हा 'विमानातली कोंदट हवा' हा शब्दप्रयोग सोडून द्यायला हरकत नाही.

आता गळतीकडे येऊ. हवा सतत आत येत असेल तर ती सतत बाहेरही जायला हवी. त्यासाठी शेपटीच्या बाजूला, पोटाखाली एक झडप असते. तिला आउटफ्लो व्हॉल्व्ह म्हणतात. तळाला भोक असलेल्या टाकीत वरून नळ सोडला, तर पाण्याची पातळी त्या भोकाच्या आकारावर ठरेल. भोक बारीक केलं की पातळी चढेल, मोठं केलं की उतरेल. केबिनमधला दाब अगदी असाच राखला जातो. पॅक हवा ओतत राहतात आणि ही एक झडप किंचित उघडत-मिटत दाब ठरवते. झडपेचा ताबा दोन संगणकांकडे असतो. एक काम करतो, दुसरा तयारीत असतो आणि पुढच्या उड्डाणाला त्यांची पाळी बदलते. वैमानिक निघण्याआधी दोनच आकडे भरतो: किती उंचीवरून उडायचं आणि जिथे उतरायचं तो विमानतळ किती उंचीवर आहे. बाकी हिशेब संगणक करतो.

या हिशेबात आपल्या कानांचाही विचार असतो. विमान मिनिटाला दोन-अडीच हजार फूट चढत असतं, पण केबिनमधला दाब पाचशे फुटांच्या चढाइतकाच हळू कमी केला जातो. उतरताना तर त्याहूनही हळू. कानाच्या पडद्यामागची हवा घशाकडे उघडणाऱ्या नळीतून बाहेर सहज पडते, पण त्याच वाटेने आत जायला ती नाखूश असते. म्हणून उतरताना कान जास्त दुखतात आणि लहान मुलं रडायला लागतात.

केबिनमध्ये दाब किती ठेवायचा? नियम सांगतो की नेहमीच्या उड्डाणात तो ८,००० फूट उंचीवरच्या हवेपेक्षा कमी होता कामा नये. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर म्हणजे साधारण ५,४०० फूट आहे. याचा अर्थ विमानात बसलेला माणूस श्वासापुरता महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेच्याही बराच वर, सिमल्याच्या किंचित वर, बसलेला असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता सुरुवातीला दाब कमी झाला तरी फारशी घसरत नाही, पण एका मर्यादेनंतर झपाट्याने कोसळते. ८,००० फुटांवर निरोगी माणूस त्या घसरणीच्या अलीकडे असतो. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावं ते यासाठीच.

मग समुद्रसपाटीचाच दाब का ठेवत नाहीत? इथे विमानाचं कातडं बोलतं. ८,००० फुटांवरचा दाब १०.९ पौंड. ४१,००० फुटांवर बाहेरचा दाब २.६ पौंड. वजाबाकी करा: ८.३. आणि ७३७-८०० मध्ये आतल्या-बाहेरच्या दाबांत जास्तीत जास्त किती फरक राखायचा याचा आकडा आहे ८.३५ पौंड. ४१,००० फुटांची मर्यादा केवळ पंखांनी आणि इंजिनांनी ठरवलेली नाही. एका बाजूने माणसाचं रक्त आणि दुसऱ्या बाजूने पातळ ॲल्युमिनियम यांच्यात जेवढी जागा उरली, तेवढी ती आहे. फरक ९.१ पौंडांच्या पुढे जाऊ नये म्हणून सुरक्षेच्या झडपा आपोआप उघडतात, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

८.३५ पौंड ऐकायला किरकोळ वाटतं. दर चौरस मीटरला ते जवळजवळ ५.९ टन होतात. विमानाच्या धडाची त्रिज्या १.८८ मीटर आणि पत्र्याची जाडी साधारण एक मिलिमीटर. गोल नळकांड्याच्या पत्र्यावरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. हे गणित केलं तर पत्र्याच्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे ११ किलोची ओढ बसते. आतल्या कड्या आणि पट्ट्या काही भार उचलतात, म्हणून प्रत्यक्षात ती थोडी कमी असते. हे ॲल्युमिनियम याच्या तिप्पट ओढीलाही कायमचं वाकत नाही. मग भीती कशाची? भीती एका वेळच्या ताणाची नसते, पुन्हा पुन्हा ताणण्याची असते. प्रत्येक उड्डाणात विमान एकदा फुगतं आणि एकदा सैल होतं.

हा धडा ब्रिटनच्या कॉमेट विमानांनी दिला. १० जानेवारी १९५४ ला एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटलं, ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळच्या समुद्रात. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या तंत्रज्ञांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या हौदात बसवलं आणि आत पाणी भरून दाब वाढव, कमी कर, असं अखंड सुरू ठेवलं. पाणीच का, तर ते दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही आणि चीर नेमकी कुठे सुरू झाली ते शाबूत सापडतं. ती सापडली केबिनच्या खिडकीसारख्या एका उघड्या जागेच्या कोपऱ्यात, जिथे ताण गोळा होत होता.

इतकं कळूनही २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२०० चं छत २४,००० फुटांवर सुमारे अठरा फूट लांब सोलून निघालं. एक हवाई सेविका बाहेर ओढली जाऊन मृत्यू पावली. ते विमान ३५,४९६ तास उडालं होतं, पण उड्डाणं झाली होती ८९,६८०. बेटाबेटांमधल्या सरासरी २४ मिनिटांच्या फेऱ्या! समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्र्यांचे सांधे सुटले होते. म्हणून विमानाचं वय वर्षांत किंवा तासांत मोजून भागत नाही, ते किती वेळा फुगलं हे मोजावं लागतं.

याच आकड्यांवरून एका नेहमीच्या भीतीचंही उत्तर मिळतं. कुणी माथेफिरू प्रवासी ३५,००० फुटांवर दार उघडेल का? ७३७ चं पुढचं दार साधारण दीड चौरस मीटरचं आहे, म्हणजे त्याला आतून सुमारे नऊ टनांचा रेटा चौकटीत दाबून धरतो. दार उघडायला ते आधी किंचित आत घ्यावं लागतं, आणि ते कुठल्याही पैलवानाला शक्य नाही. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात एका प्रवाशाने एअरबसचं दार खरोखर उघडलं, पण तेव्हा विमान उतरत होतं, जमीन सातशे फुटांवर होती आणि दाबाचा फरक जवळपास संपला होता. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा जो तुकडा उडाला ते प्रवाशांचं दार नव्हतं. दाराच्या रिकाम्या जागेत बसवलेलं ते झाकण होतं आणि ते धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते.

जाता जाता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे प्राचीन विमानांच्या कथा विज्ञान म्हणून पुढे केल्या जातात. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्येही तसा निबंध वाचला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या आकृत्या १९७४ मध्येच तपासून ती यानं उडू शकत नाहीत असं दाखवून दिलं होतं. असा दावा कानावर आला की एकच प्रश्न विचारावा: त्या विमानातला माणूस श्वास कसा घेत होता? झडप कुठे होती, पत्रा किती जाड होता, किती वेळा फुगल्यावर तो बदलायचा? ज्यांनी खरंच विमान उडवलं, त्यांना या प्रश्नांची उत्तरं माणसं गमावून शोधावी लागली.

त्यातलं सर्वांत वेदनादायी उत्तर १४ ऑगस्ट २००५ चं आहे. हेलिओस एअरवेजचं ७३७-३०० सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं. दाबाचा मुख्य खटका 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर राहिला होता, म्हणजे झडप सांभाळणारा संगणक बाजूला झाला होता. केबिनची उंची, म्हणजे आतला दाब जितक्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती, १०,००० फूट झाल्यावर भोंगा वाजला. पण त्याच आवाजाचा भोंगा जमिनीवर, उड्डाणासाठी विमान नीट मांडलेलं नसलं तरीही वाजतो, आणि वैमानिक तीच चूक शोधत बसले. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की पहिली जाते ती विचारशक्ती, आणि ती गेल्याचं माणसाला कळत नाही. विमान ३४,००० फुटांवर स्वतःच फिरत राहिलं आणि इंधन संपल्यावर डोंगरावर कोसळलं. १२१ जण गेले. पुढे या दोन इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे सक्तीचे झाले.

केबिनची उंची १४,००० फुटांवर गेली की मास्क आपोआप पडतात. बहुतेक विमानांत डोक्यावर टाकी नसते, सोडियम क्लोरेट भरलेला छोटा डबा असतो. मास्क ओढला की त्यातली रासायनिक क्रिया सुरू होते, म्हणून नुसता तोंडाला लावून चालत नाही, जोराने ओढावा लागतो. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. जळका वास येतो, डबा खूप तापतो, तेही ठीक. हा पुरवठा साधारण बारा मिनिटं पुरतो आणि तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो. खाली हिमालय किंवा तिबेटचं पठार असेल तर १०,००० फुटांवर उतरायला जागाच नसते. तिथून जाणाऱ्या विमानांना जास्त ऑक्सिजन न्यावा लागतो आणि मार्गातल्या प्रत्येक टप्प्यासाठी कुठल्या बाजूने निसटायचं ते आधीच ठरवलेलं असतं.

आणि लेह! तो विमानतळच १०,६८२ फुटांवर आहे, म्हणजे जिथे इशारा वाजायला हवा त्याहून उंच. अशा ठिकाणी जाणाऱ्या विमानांत इशाऱ्याची मर्यादा वर सरकवण्याची सोय असते. दिल्लीहून लेहला पोचताना विमान खाली येत असतं, पण केबिन मात्र ८,००० फुटांवरून १०,७०० च्या आसपास चढत असते, कारण दार उघडायच्या आधी आतला आणि बाहेरचा दाब सारखा व्हायला हवा. परत निघताना याच्या उलट: विमान वर जातं आणि केबिन खाली उतरते. पुढच्या वेळी लेहला गेलात तर विमान उतरत असताना कानांकडे लक्ष द्या.