शेवग्याचा झणका

शेवग्याचं कोवळं पान कच्चंच चावून बघा. आधी नुसती हिरवट चव लागते, मग हळूच जिभेला झणका बसतो, फेसलेल्या मोहरीच्या धाकट्या भावासारखा. नातं खरंच आहे. शेवगा, मोहरी, कोबी, मुळा, पपई ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या एकाच गणातली मंडळी.

पानाच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. अळीने पान कुरतडलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि तिखट आयसोथायोसायनेट तयार होतं. झाडाच्या लेखी हे अळीला हाकलायचं हत्यार. पान शिजवलं की विकर निकामी होतं, म्हणून भाजी गुमान खाता येते.

मोहरीचं तिखट नाकात जातं, कारण ते उडून जाणारं आहे. शेवग्याच्या तिखटाला साखरेचा एक तुकडा चिकटलेला असतो. ते उडत नाही, टिकतं. औषध शोधणाऱ्यांना त्यात रस आहे तो याचमुळे. प्रयोगशाळेत आणि उंदरांत ते सूज कमी करतं. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्या आणि लहान. शेवग्याच्या मुळाची साल तर औषध म्हणूनही खाऊ नये. तिच्यात विषारी अल्कलॉइड असतात.

झाड वाढतं झपाट्याने, वर्षात तीन-चार मीटर. त्या घाईत लाकूड पोचट राहतं आणि वाऱ्याने फांद्या मोडतात. मोडलेली जाड फांदी ओल्या मातीत खोचली, तर तिलाच पालवी फुटते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते बियांचं. गढूळ पाण्यातले मातीचे कण ऋण भाराचे, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. बियांतलं एक प्रथिन धन भाराचं. बी कुटून पाण्यात ढवळलं की कण त्याला चिकटतात, गोळे होतात आणि तास-दोन तासांत तळाशी बसतात. सुदानमध्ये बायका नाईलचं पाणी असंच निवळत. बरेचसे जंतूही गाळाबरोबर खाली जातात, पण सगळे नाही. पाणी उकळावं लागतंच.

आता शेवग्याच्या पानांच्या पावडरीबद्दल. 'दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम' हा हिशेब बहुधा वाळलेल्या पानांची ओल्या दुधाशी तुलना करून मांडलेला असतो. ताज्या पानात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. ते काढलं की कुठलाही आकडा फुगणारच. शिवाय चमचाभर पावडर कुठे आणि पेलाभर दूध कुठे! 'क' जीवनसत्त्व तर वाळवतानाच बरंचसं नष्ट होतं.