सांघिक आक्रमणाचे प्रशिक्षण (बास्केटबॉल, नागपूर)

बास्केटबॉलमध्ये पाचही खेळाडूंनी एकमेकांच्या हालचालींशी मेळ राखून, मोकळा आणि जवळचा शॉट मिळवण्यासाठी केलेल्या आखीव खेळाला सांघिक आक्रमण म्हणतात. त्यातल्या एकेका ठरलेल्या क्रमाला चाल किंवा प्ले म्हणतात. नागपुरात हे शिक्षण मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या संघांत, शिवाजीनगर जिमखान्यासारख्या मैदानांवर आणि उन्हाळी शिबिरांत मिळते.

चालीला वेळेची मर्यादा असते. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट रिंगला लागावा लागतो आणि त्यातल्या पहिल्या ८ सेकंदांत चेंडू अर्धरेषेपलीकडे न्यावा लागतो. म्हणजे जमवून खेळायला सोळा-अठरा सेकंद उरतात. एवढ्यात दोन, फार तर तीन कृती नीट होतात. कागदावर सात बाण असलेली चाल शालेय संघाच्या हाती सहसा तिसऱ्या बाणापाशीच तुटते, आणि मग सगळे जण चेंडूकडे धावतात.

अंतर

मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. आक्रमणाला त्यातले अर्धे मिळते. दोन आक्रमकांमध्ये साधारण साडेचार ते पाच मीटर अंतर असेल, तर मदतीला धावणाऱ्या बचावपटूला आपला खेळाडू सोडावाच लागतो. तेच अंतर दोन मीटरवर आले की एकच बचावपटू दोघांना सांभाळतो. म्हणून कोणतीही चाल शिकवण्याआधी जागा शिकवाव्यात. सिमेंटच्या जुन्या कोर्टवर रेषा पुसट झालेल्या असतात. अशा वेळी तीन गुणांच्या कमानीबाहेर, म्हणजे रिंगपासून ६.७५ मीटरच्या पलीकडे, खडूने पाच खुणा करून मुलांना त्यांवर उभे केले तरी पुष्कळ काम होते. पास देऊन रिंगकडे कट मारायचा (म्हणजे चेंडूशिवाय वेगाने आत धावायचे), रिकामी झालेली खूण शेजारच्याने भरायची, आणि कट मारणाऱ्याने बाहेर येऊन शेवटची खूण घ्यायची. हा साधा क्रम बहुतेक आक्रमण-पद्धतींच्या मुळाशी आहे.

हा क्रम अंगवळणी पाडायला सरावात ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे नेणे, बंद ठेवणे हा उत्तम उपाय आहे. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तयार केलेल्या मूळ खेळात चेंडू घेऊन पळता येत नसे; पकडला त्याच जागेवरून तो फेकावा लागे. ड्रिबल काढून घेतला की खेळ पुन्हा तिथे पोहोचतो आणि चेंडू हातात नसलेल्या चौघांना हलणे भाग पडते.

बचाव वाचणे

खरे शिक्षण इथे आहे, आणि प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. साथीदाराच्या बचावपटूच्या वाटेत उभे राहून त्याला अडवणे म्हणजे स्क्रीन. स्क्रीन लावून रिंगकडे वळण्याची चाल, म्हणजे पिक अँड रोल, घ्या. चेंडूवाल्याचा बचावपटू स्क्रीनच्या वरून आला तर आत घुसायचे. खालून गेला तर तिथेच थांबून शॉट घ्यायचा. दोन्ही बचावपटूंनी खेळाडू बदलले तर उंच खेळाडूने बुटक्याला पाठीवर घेऊन रिंगखाली चेंडू मागायचा. दोघेही चेंडूवर तुटून पडले तर मोकळ्या सुटलेल्या साथीदाराला लगेच पास. चाल एकच, उत्तरे चार. ज्या मुलाने फक्त मार्ग पाठ केला आहे, त्याला यातले एकच उत्तर येते आणि प्रतिस्पर्धी ते दोन वेळांत ओळखतात.

हे दोन-विरुद्ध-दोन आणि तीन-विरुद्ध-तीन अशा छोट्या खेळांतून शिकवतात. प्रशिक्षक आक्रमकांच्या मागे उभा राहून बचावपटूंना बोटांनी खुणावतो: वरून, खालून, बदल. आक्रमकाला आधी काहीच कळत नाही. त्याला पाहूनच ठरवावे लागते. चूक झाली की खेळ गोठवून ‘तुझा माणूस कुठे होता?’ एवढेच विचारावे. उत्तर मुलाकडूनच आले पाहिजे.

स्क्रीनबाबत नियमाची शिस्त लागते. स्क्रीन लावणाऱ्याचे पाय स्थिर हवेत, आणि बचावपटूला तो दिसत नसेल तर मध्ये किमान एका पावलाची जागा सोडावी लागते; नाहीतर फाउल. कट मारणाऱ्याने आधी उलट दिशेला जावे, स्क्रीन पक्का होऊ द्यावा, मग खांद्याला खांदा घासून निघावे. घाई हा इथला नेहमीचा दोष.

झोनविरुद्ध

शालेय स्पर्धांत २-३ झोन बचाव (दोघे पुढे, तिघे मागे, प्रत्येकाने खेळाडूऐवजी आपली जागा राखायची) वारंवार भेटतो, कारण तो थोड्या सरावात बसतो. त्याच्यासमोर ड्रिबल करत राहणे व्यर्थ आहे. फ्री थ्रो रेषेपाशी एक खेळाडू, पुढच्या दोन बचावपटूंच्या मधोमध दुसरा, अशी १-३-१ रचना करून चेंडू मधल्या खेळाडूकडे पोहोचवला की झोन आकसतो आणि कोपरे मोकळे होतात.

नागपुरातील सराव

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जातो, त्यामुळे उघड्या कोर्टवरची शिबिरे पहाटे आणि सूर्य कलल्यावर भरतात. जागा चालत-चालत बसवायला आणि छोट्या खेळांतून बचाव वाचायला हा काळ योग्य. पूर्ण वेगाचा पाच-विरुद्ध-पाच खेळ थोडाच ठेवावा. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. लगेच पाऊस, ओले कोर्ट, आणि पाठोपाठ १४, १७ व १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखे छप्पर प्रत्येक संघाला मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात जागा आणि बचाव वाचणे, पावसाळ्यात एक-दोन चाली, असा क्रम हिताचा ठरतो.

ठरीव चाली

तीन खेळाडूंच्या त्रिकोणावर बेतलेले त्रिकोणी आक्रमण अमेरिकन प्रशिक्षक टेक्स विंटर यांनी विकसित केले आणि फिल जॅक्सन प्रशिक्षक असलेल्या शिकागो बुल्स या एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक लीग) संघाने ते खेळून १९९० च्या दशकात सहा विजेतेपदे मिळवली. तेही मुळात बचाव वाचण्यावर उभे आहे. शालेय संघाने त्याची नक्कल करू नये, तीन कोपऱ्यांतले अंतर तेवढे घ्यावे.

काटेकोर पाठांतर हवे ते रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना. तिथे पास द्यायला फक्त ५ सेकंद असतात. रिंगमागच्या रेषेसाठी चौघांच्या चौकोनी रचनेतून निघणारी एक आणि बाजूच्या रेषेसाठी एक, अशा दोन चाली पुरतात. सामन्याच्या अखेरच्या २ मिनिटांत आपल्या अर्ध्यातून चेंडू टाकायचा असताना टाइमआउट घेतला, तर प्रशिक्षक तो पुढच्या अर्ध्यातून टाकण्याचा पर्याय निवडू शकतो. पण मग शॉटसाठी जास्तीत जास्त १४ सेकंद मिळतात. त्या वेळेसाठीची बाजूची चाल एका स्क्रीनची आणि एका कटची असावी, आणि ती दमलेल्या पायांनी, सरावाच्या अगदी शेवटी बसवून घ्यावी.