असिसीचा फ्रान्सिस वेगळा, गोव्याचा झेवियर वेगळा

दर डिसेंबरला तेच. जुन्या गोव्याचं फेस्त जवळ आलं की फोनवर शुभेच्छांचे फोटो येऊन पडतात, त्यात तपकिरी झगा, कमरेला दोरी, खांद्यावर पाखरू असा एक साधू उभा असतो आणि खाली लिहिलेलं असतं "गोंयचो सायब सेंट फ्रान्सिस झेवियर". अहो, तो झेवियर नाहीये. तो असिसीचा फ्रान्सिस, इटलीतला, झेवियर जन्मायच्या २८० वर्षं आधीच वारलेला, हयातीत गोव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलटंही होतं, म्हणजे लोक से कॅथेड्रलच्या शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये शिरतात आणि झेवियरची बॉडी कुठे ठेवलीय म्हणून शोधत फिरतात. बॉडी रस्त्यापलीकडे आहे, बॉम जीझस चर्चमध्ये.

झेवियर आपल्याकडे बऱ्यापैकी माहीत असतो त्यामुळे त्याला पटकन उरकते. १५०६ ला आताच्या स्पेनमधल्या नवारात सरदार घराण्यात जन्म, पॅरिसला शिक्षण, तिथेच इग्नेशियस लोयोलाची गाठ, १५३४ ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी घेतलेल्या शपथा ज्यातून पुढे जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ उभा राहिला, ६ मे १५४२ ला गोव्यात, मग तमिळ किनाऱ्यावरची मोती काढणाऱ्यांची गावं, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान, आणि चीनच्या अगदी दारात शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला मृत्यू. १५५४ ला शव गोव्यात आलं, १६२२ ला संतपद. इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाद पण बहुतेकांना ठाऊक असतो, १५४६ ला त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं हे खरं आणि गोव्यात ते सुरू झालं १५६० ला हेही खरं, पण तो विषय इथे काढला तर बाकी काहीच बोलून होणार नाही.

वरवरचे फरक एका दमात सांगते. तपकिरी किंवा राखाडी झगा आणि तीन गाठींची दोरी म्हणजे असिसीवाला. हातापायांवर जखमांच्या खुणा दिसल्या तरी तोच, १२२४ ला ला व्हेर्नाच्या डोंगरावर त्याच्या अंगावर येशूच्या जखमा उमटल्या असं मानतात. काळा झगा आणि हातात क्रूस, किंवा छातीवरचा कपडा बाजूला करून पेटलेलं हृदय दाखवणारा, म्हणजे झेवियर. फेस्त असिसीवाल्याचं ४ ऑक्टोबर, झेवियरचं ३ डिसेंबर. झेवियरचं शव साधारण दर १० वर्षांनी लोकांना दाखवतात, असिसीवाल्याचं १२३० ला बासिलिकेच्या पोटात असं लपवून पुरलं की ते थेट १८१८ ला सापडलं, कारण मध्ययुगात संतांच्या अस्थींची सर्रास चोरी व्हायची आणि शेजारच्या पेरुजा शहराचा असिसीला भरवसा नव्हता. संपले फरक. एवढ्यावर फोटो तरी बरोबर पाठवता येईल.

पण खरी गल्लत इथे होतच नाही. ती होते शिकल्यासवरलेल्या लोकांची, ज्यांना दोन माणसं वेगळी आहेत हे ठाऊक असतं आणि तरी ते म्हणतात की दोघंही खात्यापित्या घरातले, दोघांनी सगळं सोडलं, दोघंही फाटक्या कपड्यात धर्म सांगत हिंडले, म्हणजे एकाच पठडीतले, फक्त शतक वेगळं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोघांनी गरिबी घेतली हे बरोबर, पण कशासाठी घेतली तिथे दोघांचे रस्ते पार फुटतात.

असिसीचा फ्रान्सिस जन्मला ११८१ किंवा ११८२ ला. बाप पिएत्रो दी बर्नार्दोने कापडाचा बडा व्यापारी. इटलीतल्या शहरांत तेव्हा नाणं नव्याने खुळखुळायला लागलं होतं, जमीनदारांच्या जोडीला व्यापारी वर चढत होते आणि हा पोरगा त्या नव्या पैशावर वाढलेला, उधळ्या, मित्रांना मेजवान्या देणारा, नाइट व्हायची हौस असलेला. १२०२ ला पेरुजाशी लढाईत पकडला गेला, वर्षभर कैदेत होता, सुटल्यावर आजारी पडला आणि हळूहळू बदलत गेला. सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रुसासमोर बसला असताना "माझं घर दुरुस्त कर" असं त्याला ऐकू आलं म्हणतात. याने ते शब्दशः घेतलं, बापाच्या दुकानातलं कापड उचललं, फोलिन्योला जाऊन घोड्यासकट विकलं आणि पैसे तिथल्या प्रीस्टपुढे धरले. प्रीस्ट घाबरला, घेईना, तर याने थैली खिडकीत भिरकावून दिली. बापाने बिशपसमोर खेचल्यावर तिथल्या तिथे अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत केले आणि म्हणाला की इथून पुढे माझा बाप फक्त स्वर्गातला.

थैली भिरकावली हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यात आहे. त्याच्या मते पैसा वाईट कामाला लागतो म्हणून वाईट, इतकं साधं नव्हतं, पैसा हातात असणंच वाईट. १२२३ ला पोप होनोरियस तिसऱ्याने मंजूर केलेल्या त्याच्या संघाच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की ब्रदरांनी, म्हणजे त्याच्या मागे आलेल्या संन्याशांनी, नाणी कोणत्याही प्रकारे घ्यायची नाहीत, स्वतः नाही आणि दुसऱ्या कोणाच्या हातूनही नाही. एका ब्रदरने चर्चमध्ये कोणी ठेवलेलं नाणं नुसतं हाताने उचलून बाजूला टाकलं, तर फ्रान्सिसने त्याला ते तोंडात धरून बाहेर नेऊन गाढवाच्या लिदीवर ठेवायला लावलं, ही गोष्ट त्याचा चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो सांगतो. पुस्तकांचंही तेच. एका नवशिक्या ब्रदरला स्तोत्रांचं पुस्तक हवं होतं, तर फ्रान्सिसचं म्हणणं असं की आज स्तोत्रं मागशील, उद्या प्रार्थनेचा मोठा ग्रंथ मागशील, आणि मग खुर्चीत बसून दुसऱ्या भावाला हुकूम सोडशील की जा, माझा ग्रंथ घेऊन ये. बोलोन्यात ब्रदरांच्या नावाचं घर झालंय असं कळल्यावर त्याने आजाऱ्यांसकट सगळ्यांना बाहेर काढलं. (पुढे अँथनी ऑफ पाडुआला त्याने धर्मशास्त्र शिकवायची परवानगी दिली, पण प्रार्थनेची धग विझू देणार नसशील तरच, अशी अट घालून.)

थोडक्यात त्याच्यासाठी गरिबी हेच मुक्काम. त्यातून काही साधायचं नव्हतं, येशू असाच जगला म्हणून असंच जगायचं, विषय संपला. उपदेश वगैरे त्याच्या मागून येणारं. तो स्वतः प्रीस्टसुद्धा झाला नाही, त्याच्या खालच्या पायरीवर, डीकनवरच राहिला.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवा. १२१९, पाचवं क्रूसेड, म्हणजे ख्रिश्चनांचं मुसलमानांविरुद्धचं धर्मयुद्ध, चालू, नाईलच्या मुखाजवळ दमिएत्ताला वेढा पडलाय, आणि फ्रान्सिस एका सोबत्याला घेऊन शत्रूच्या छावणीत सुलतान अल-कामिलला भेटायला जातो. सुलतान ऐकून घेतो, आदराने वागवतो, भेटी देऊ करतो, आणि चेलानोच्या शब्दांत सांगायचं तर फ्रान्सिस त्या शेणासारख्या झिडकारतो. सुलतान ख्रिश्चन झाला नाही, तरी फ्रान्सिसच्या हिशेबी काही बिघडलं नाही. दुसरा प्रसंग जपानचा. झेवियर फाटक्या कपड्यात बर्फातून चालत क्योतोला सम्राटाला भेटायला गेला, कोणी दारात उभं केलं नाही. मग १५५१ ला यामागुचीला परत येताना त्याने काय केलं? चांगले उंची कपडे चढवले, गोव्याच्या गव्हर्नरची आणि बिशपची पत्रं काढली, घड्याळासकट युरोपियन वस्तूंचा नजराणा घेतला आणि राजदूत म्हणून तिथल्या सरदारापुढे, ओउची योशिताकापुढे, जाऊन उभा राहिला. प्रचाराची परवानगी मिळाली, वर राहायला एक रिकामा मठ मिळाला.

असिसीच्या फ्रान्सिसने हे केलं असतं का? मेला असता पण केलं नसतं. आणि झेवियरने ते केलं म्हणून तो ढोंगी ठरतो का, तर अजिबात नाही, स्वतःपुरता तो शेवटपर्यंत कफल्लकच होता. जेझुइटांसाठी गरिबी हे कामाचं हत्यार, जिथे चालतं तिथे वापरायचं, जिथे आड येतं तिथे म्यान करायचं, काम महत्त्वाचं. म्हणून तर त्यांच्या घटनेत सोय आहे की व्रतस्थांची घरं भिक्षेवर चालतील, पण कॉलेजांना कायमचं उत्पन्न ठेवता येईल. मुंबईतलं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ ला जेझुइटांनी काढलं ते याच परंपरेतून. आपल्या मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स पण जेझुइटच, भाषा शिका, ग्रंथ लिहा, लोकांच्या ओवीत सांगा. पुस्तक मागणाऱ्या ब्रदरला फ्रान्सिसने काय सुनावलं ते वर आलंच आहे.

मला विचाराल तर हे हत्यारवालं गणित जगायला सोपं आहे, कारण मुक्कामवालं गणित फ्रान्सिसच्या माणसांनाच झेपलं नाही. तो ३ ऑक्टोबर १२२६ ला वारला, मरताना मृत्युपत्रात बजावून गेला की चर्चेस आणि घरं आपल्या गरिबीला शोभतील तरच घ्या आणि रोमकडे सवलतींची पत्रं मागू नका. १२२८ ला त्याला संत केलं आणि त्याच वर्षी असिसीत त्याच्या नावाच्या भल्यामोठ्या बासिलिकेचा पाया घातला. १२३० ला पोप ग्रेगरी नवव्याने, जो त्याचा मित्र होता, जाहीर केलं की ते मृत्युपत्र ब्रदरांवर बंधनकारक नाही. मग ब्रदर वाढत गेले, घरं आली, पुस्तकं आली, आणि व्रत तर असं की काहीच आपलं नाही. यावर वकिली तोडगा निघाला की मालकी पोपची, ब्रदर नुसते वापरणारे. पुढे पोप जॉन बाविसाव्याने विचारलं की खाऊन संपलेल्या भाकरीचा मालक वेगळा आणि वापरणारा वेगळा असं कसं असेल? प्रश्न तसा बिनतोड होता. कडव्या ब्रदरांनी माघार घेतली नाही, १३१८ ला मार्सेयला त्यांच्यातल्या चौघांना जिवंत जाळलं, आणि १३२३ ला त्याच पोपने ठरवून टाकलं की येशू आणि त्याच्या शिष्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं असं ठासून म्हणणं हाच पाखंड. म्हणजे फ्रान्सिस ज्या गोष्टीसाठी संत झाला ती जास्त मनावर घेतली म्हणून त्याच्या नातवंडांच्या पिढीतली माणसं चितेवर गेली. हे सगळं सोडून लोकांना आठवतं काय, तर पक्षी आणि गुब्बियो गावचा त्याने माणसाळवलेला लांडगा. पक्ष्यांना केलेला उपदेश निदान पहिल्याच चरित्रात आहे, लांडग्याची गोष्ट मात्र त्याच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी ग्रंथात आली. गोड आहे, सांगा मुलांना, पण बागेत ठेवायच्या पुतळ्याएवढाच माणूस होता असं नका करू.

जुन्या गोव्यात हा विरोधाभास डोळ्यांनी बघता येतो. फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीवाल्याच्या संघाचे ब्रदर, तिथे १५१७ लाच आले होते, झेवियरच्या कितीतरी आधी, (पुढे बार्देश त्यांच्याकडे आणि सासष्टी जेझुइटांकडे अशी वाटणीच होती, आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत चर्च थाटलं तेही फ्रान्सिस्कनांनीच). त्यांच्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर क्रुसावरचा येशू आणि शेजारी फ्रान्सिस, खाली तीन व्रतं कोरलेली, गरिबी, नम्रता, आज्ञापालन, आणि भोवती सगळं सोनेरी मुलाम्याचं कोरीवकाम झळाळतंय. रस्ता ओलांडून गेलात की झेवियरची चांदीची पेटी, इटलीतल्या तोस्कानाच्या ड्यूकने पाठवलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर. तिथे मला विरोध जाणवत नाही. नाण्याला हात लावू न देणाऱ्याच्या डोक्यावर सोनं चढवलेलं मात्र खुपतं.

पोप फ्रान्सिसच्या वेळी तर कहर झाला होता. १३ मार्च २०१३ ला निवड झाली, जेझुइट संघातून आलेला पहिलाच पोप, नाव घेतलं फ्रान्सिस, आणि आपल्याकडे लगेच सुरू, गोव्याच्या सायबाचं नाव घेतलं म्हणून. तीन दिवसांत त्यांनी स्वतः पत्रकारांना सांगितलं की शेजारी बसलेले कार्डिनल हुम्मेस "गरिबांना विसरू नका" म्हणाले आणि मला असिसीचा फ्रान्सिस आठवला. हुम्मेस स्वतः फ्रान्सिस्कन. तरी अजून झेवियरच चिकटवतात.

आणि हो, ती "प्रभू, मला तुझ्या शांतीचं साधन कर" ही प्रार्थना, जी दोघांच्याही फोटोखाली फिरते. ती झेवियरची नाही आणि असिसीवाल्याचीही नाही. १९१२ ला एका फ्रेंच मासिकात ती पहिल्यांदा छापून आली, लेखकाच्या नावाशिवाय. असिसीच्या फ्रान्सिसचं खरंखुरं काही पाठवायचं असेल तर त्याचं सूर्यस्तोत्र पाठवा, आयुष्याच्या शेवटी डोळे जवळजवळ गेलेले असताना त्याने लॅटिन सोडून उंब्रियाच्या बोलीत रचलेलं, ज्यात सूर्य भाऊ आहे, चंद्र बहीण आहे आणि शेवटी मरणालाही बहीणच म्हटलंय.