अंजनी की अंजन : एका लहान झाडाच्या नावाची पार्श्वभूमी

महाबळेश्वरच्या पठारावर उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्या झाडाच्या जुन्या फांद्या जांभळट निळ्या फुलांच्या गुच्छांनी झाकून जातात, त्याचा उल्लेख कोणी अंजनी असा करतो, तर कोणी अंजन असा. फरक एका वेलांटीचा दिसत असला, तरी महाराष्ट्रात अंजन या नावाचा दुसरा वृक्ष असल्यामुळे या वेलांटीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

तो दुसरा अंजन म्हणजे खानदेशातील आणि दख्खनच्या कोरड्या मुलखातील उंच वृक्ष. त्याचे पान आपट्याप्रमाणे जोडपान असते, तो शेंगावर्गात मोडतो आणि त्याचे लाकूड भारतातील सर्वांत जड लाकडांमध्ये गणले जाते. साताऱ्याच्या घाटमाथ्यावरची अंजनी सदाहरित, ठेंगणी, समोरासमोरच्या जाड चकचकीत पानांची असून दोघींचे कुळ पूर्णतः वेगळे आहे. अंजन नावाचे एक चाऱ्याचे गवतही आहे. आणि घाईत वाचणाऱ्याला अर्जुनसादड्याचा अर्जुनही अंजन वाटतो. त्यामुळे एखाद्या रोपवाटिकेत नुसते 'अंजन' मागितले, तर हातात कोणते रोप पडेल याची खात्री देता येत नाही. माण-खटावच्या माळावर घाटमाथ्याची अंजनी लावणे आणि महाबळेश्वरच्या धुक्यात खानदेशचा अंजन लावणे, या दोन्ही गोष्टी रोपाच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत.

नावाचा अर्थ मात्र दोन्ही झाडांना एकाच ठिकाणी आणून सोडतो. संस्कृत 'अञ्ज्' या धातूचा अर्थ माखणे, लेप देणे असा असून त्यावरून डोळ्यांत घालण्याच्या काजळाला किंवा सुरम्याला अंजन म्हटले गेले. खानदेशच्या वृक्षाचा गाभा तांबूस काळा, काही वेळा जवळजवळ काळा असतो, तेव्हा त्याचे नाव लाकडावरून पडले असे मानायला अडचण येत नाही. घाटमाथ्यावरच्या झाडाचे फूल निळे असते आणि काजळ काळे. म्हणून काही जण फुलाशी नावाचा संबंध नाकारतात आणि पिकल्यावर काळ्या पडणाऱ्या फळाकडे बोट दाखवतात. माझ्या मते हा आक्षेप टिकत नाही. काळा आणि निळा यांच्यात आज आपण ओढतो तेवढी ठळक रेघ जुन्या मराठीने ओढलेली नाही. मेघ काळाही असतो आणि निळाही, सावळ्या देवाला घननीळ म्हणताना कोणी अडखळत नाही, आणि मार लागल्यावर अंग 'काळेनिळे' पडते. केरळात याच जातकुळीच्या झाडाच्या फुलाला कायाम्पू म्हणतात आणि कृष्णाच्या वर्णाला त्याची उपमा देतात. ज्या रंगाला तिकडे श्यामवर्ण म्हटले गेले, त्याच रंगाला इकडे अंजन म्हटले गेले, असे समजणे मला सर्वांत सरळ वाटते.

हनुमानाच्या मातेवरून हे नाव आले, ही समजूत गोड असली तरी ती उलट्या दिशेने जाते. मातेचे नावही त्याच काजळाच्या शब्दावरून आलेले आहे. झाड आणि माता यांचे मूळ एक आहे, एकावरून दुसरे आले असे नव्हे. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात अंजनी नावाचे गाव आहे, पण तो मुलूख पावसाच्या सावलीतला, त्यामुळे निव्वळ गावाच्या नावावरून तेथे कधी काळी या झाडाचे रान होते असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

नाव कशावरून पाडायचे, हे शेवटी लोक झाडाकडून काय घेतात यावर अवलंबून असते. श्रीलंकेत याच झाडाला कोराकहा म्हणतात आणि 'कहा' म्हणजे पिवळे, कारण तिथे पानांपासून निघणारा पिवळा रंग महत्त्वाचा. ही पाने मातीतील ॲल्युमिनियम साठवून ठेवतात, म्हणून दक्षिणेकडील रंगारी रंग पक्का करण्यासाठी ती तुरटीसारखी वापरत. इंग्रजांनी लाकडाचा कठीणपणा पाहून त्याला आयर्नवुड म्हटले. पण जगभर अनेक निरनिराळ्या झाडांना हेच नाव आहे, नागकेशरालाही. शास्त्रीय नावाचीही तीच गत. अंजनीचे शास्त्रीय नाव मेमेसायलॉन अंबेलाटम; त्यातला मेमेसायलॉन हा शब्द प्राचीन ग्रीकांनी भूमध्य सागराकाठच्या एका वेगळ्याच झाडाच्या फळासाठी वापरला होता. अंबेलाटम ही जात १७६८ मध्ये नोंदली गेली, तरी ब्रिटिश अमलातील ग्रंथांत बरीच वर्षे हे झाड 'खाण्याजोगे' अशा अर्थाच्या एड्यूल या नावाखाली इतर जातींसह एकत्र कोंबलेले आढळते.

घाटमाथ्यावर या झाडाला मोठ्या इमारतीसाठी कधीच मागणी नव्हती. खोड बारीक आणि वेडेवाकडे, त्यामुळे त्याचा उपयोग जळण आणि हत्यारांचे दांडे यांपुरताच राहिला. १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले गेले आणि जळणाची गरज गावकऱ्यांच्या चुलीपुरती राहिली नाही. पुढे आलेल्या वनकायद्यांनी तोडीवर बंधने घातली.

विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी येथील रानाला अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचे रान म्हणून ओळख दिली आणि त्यासोबत एक वादही सुरू झाला. हे रान बुटके आहे ते जांभ्यावरचा मातीचा पातळ थर, पावसाळ्यातला वारा आणि त्यानंतरचे सात-आठ कोरडे महिने यांमुळे, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोडीमुळे? कड्याच्या काठावरील वाकलेली अंजनी पाहिली की पहिले कारण पटते. देवराईत तीच अंजनी सरळ वाढलेली दिसली की दुसरे कारणही दूर सारता येत नाही.

१७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणीचा सुमारे १२४ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. तेव्हापासून बांधकाम, रस्तारुंदीकरण आणि वृक्षतोड यांवरील प्रत्येक वादात झाडांच्या याद्यांना महत्त्व आले आहे. अंजनी ही अतिशय सावकाश वाढणारी आहे. मनगटाएवढ्या जाडीचे खोड पाहून ते कोवळे झुडूप समजणारा माणूस त्याचे वय हमखास चुकतो, आणि घेर मोजून झाडाची किंमत ठरवणारी पद्धत तर तिला नेहमीच कमी लेखते. अशा तोडीची भरपाई म्हणून लावल्या जाणाऱ्या रोपांच्या यादीत नुसते 'अंजन' लिहिलेले असेल, तर त्यातून खानदेशचा वृक्षही चालून जातो. म्हणून अशा यादीत घाटमाथ्याच्या झाडाला अंजनी असेच लिहावे, आणि शेजारी त्याचे शास्त्रीय नावही देवनागरीत द्यावे.