जिल्हा रुग्णालयात सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या पदांची पात्र-अपात्र यादी लागली की मला फोन येऊ लागतात. मुलगी एम.ए. मानसशास्त्र, टक्के चांगले, एखाद्या संस्थेत दोन वर्षं काम केलेलं, आणि नावापुढे एका ओळीचा शेरा: ‘शैक्षणिक अर्हता नाही’. कुणाला ‘प्रमाणपत्र वैध नाही’, तर कुणाला ‘नावात तफावत’. यांतल्या बहुतेकींना काम येत नाही असं नसतं. कागद कमी पडतो, किंवा चुकीच्या तारखेचा असतो. म्हणून नेहमीची माहिती थोडक्यात देते आणि जिथे माणसं अडकतात तिथे जास्त थांबते.

पहिली अडचण पदाच्या नावातच आहे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कोणाला म्हणायचं हे जाहिरात काढणारं कार्यालय ठरवत नाही, कायदा ठरवतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दोन वाटा आहेत. एक, भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या संस्थेतून घेतलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतली मान्यताप्राप्त अर्हता. दुसरी, मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., तीही प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. आरसीआयची मान्यता नसलेलं नुसतं एम.ए. या दोन्हींत बसत नाही, मग विशेष विषय ‘क्लिनिकल’ असो वा नसो. हे मुलांना एम.ए.च्या प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवं. कॉलेजं ते सांगत नाहीत आणि पाच वर्षांनी अपात्र यादी सांगते, याचा मला राग येतो.

तुमच्याकडे फक्त एम.ए. असेल तर ‘समुपदेशक’ या नावाची पदं बघा. एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक, टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन अशा ठिकाणी ती निघतात आणि त्यांच्या जाहिरातीत मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असलेल्यांना अनेकदा संधी असते.

आता आरसीआयची नोंदणी. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. अर्ज ऑनलाइन आहे. दहावीचं प्रमाणपत्र, गुणपत्रकं, पदवी, ओळखपत्र, फोटो आणि शुल्क एवढंच लागतं, त्यात काही कठीण नाही. कठीण आहे ते पुढचं.

आरसीआय मान्यता देते ती एका संस्थेच्या एका अभ्यासक्रमाला, ठरावीक मुदतीसाठी. विद्यापीठ मोठं आहे, जुनं आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, यादीत आहे, यातलं काहीही त्या मान्यतेच्या जागी चालत नाही. तुमची तुकडी ज्या वर्षी बसली त्या वर्षी मान्यता चालू होती का, हे प्रवेशाचे पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा. संस्थेच्या माहितीपुस्तिकेतल्या ‘मान्यता अपेक्षित’ या दोन शब्दांवर दोन वर्षं आणि घरची जमा पुंजी घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

नोंदणी झाल्याचा क्रमांक आणि अर्ज केल्याची पावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीच्या शेवटच्या तारखेला क्रमांक हातात असावा लागतो. पदवी मिळाली की जाहिरातीची वाट न बघता त्याच आठवड्यात अर्ज करा. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते, आणि मधल्या काळात परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळांचे गुण साठवले तरच ते पुढे नूतनीकृत होतं. बाळंतपणात, घरच्या आजारपणात हे मागे पडतं आणि ऐन पडताळणीत मुदत संपल्याचं कळतं. आज एकदा प्रमाणपत्र काढून तारीख बघा. प्रवर्गही बघा: ‘रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट’ म्हणून झालेली नोंदणी क्लिनिकलच्या पदाला चालत नाही.

एम.फिल.बद्दल सध्या सगळ्यात जास्त गोंधळ आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘प्रवेश घेऊ नका’ अशी सूचना निघाली आणि माझा फोन दिवसभर वाजत राहिला. जानेवारी २०२४ मध्ये खुलासा आला की क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत प्रवेश देता येतील. ज्यांनी त्या मुदतीत, मान्य संस्थेत प्रवेश घेतला त्यांची पदवी वैध आहे. एखाद्या लिपिकाने ‘एम.फिल. रद्द झाली’ म्हणून कागद बाजूला ठेवला तर त्या खुलाशाची प्रत पुढे करा. याच्या उलटही घडेल. नव्या पद्धतीच्या आरसीआय-मान्य अभ्यासक्रमातून आलेल्यांना जुन्या जाहिरातीचा मजकूर दाखवून ‘एम.फिल. कुठाय?’ विचारतील. तेव्हा २०१७ च्या कायद्यातल्या व्याख्येचं पहिलं उपकलम दाखवायचं.

दूरशिक्षणाने मानसशास्त्र करायचा विचार असेल तर तो सोडा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने या विषयाचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. ही बंदी नव्या प्रवेशांवर आहे.

आता दाखले. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं ते ज्यांची या कामाला सर्वांत जास्त गरज आहे त्यांचंच. मेळघाटातल्या बाईला झोप का लागत नाही हे कोरकूत विचारता आलं पाहिजे, गडचिरोलीत माडियात, नंदुरबारात पावरीत. आपल्या कामात भाषा हेच हत्यार आहे. त्या घरांतून शिकून आलेली पहिली मुलगी दाखल्यासाठी सेतूत खेटे घालते आणि तारीख निघून जाते.

अनुसूचित जाती आणि जमातींना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, लागत नाही. हे ठाऊक नसल्याने त्यामागे पंधरा दिवस घालवलेली मुलगी माझ्यासमोर रडली आहे. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) यांना तो लागतो. दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती चालू हवी.

लग्न झालेल्यांसाठी हे दोनदा वाचा. नॉन-क्रिमिलेअरसाठी आई-वडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याचं उत्पन्न नाही. ८ लाखांच्या मर्यादेत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवत नाहीत. त्यांच्या नोकरीचा दर्जा मात्र वेगळा तपासतात. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचं, गणित याच्या उलट आहे. मर्यादा ८ लाखांचीच, पण त्यात पगार, शेती, नवऱ्याचं उत्पन्न, सगळं धरतात. सेतूतल्या माणसाने एकाचा नियम दुसऱ्याला लावला तर दाखला अडतो. तिथे नम्रपणे, पण ठामपणे नियम दाखवा.

केंद्राच्या संस्थांत अर्ज करताना दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे ओबीसी म्हणून अर्ज करायचा.

जात वैधता प्रमाणपत्र शिकत असतानाच काढा. शिक्षणाच्या कारणासाठी अर्ज कॉलेजमार्फत जातो. कॉलेज सुटलं की ती वाट बंद होते, आणि नोकरीच्या कारणासाठी अर्ज करायला आधी नोकरी लागते. हे चक्र कुणी आखलं माहीत नाही, पण त्यात अडकलेल्यांना पडताळणीच्या टेबलावर कुणी सवलत देत नाही.

नावाचं असं आहे: पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या आणि आरसीआयला वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा. नोटरीचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

अनुभव प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव, जावक क्रमांक, सही आणि शिक्का हवा. ‘चांगलं काम केलं’ एवढं लिहिलेलं प्रशस्तिपत्र अनुभवात मोजत नाहीत. श्रेणी असेल तर विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतराचं पत्र जोडा. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मागितलं असेल तर अविवाहितांनीही भरून द्यावं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची (एनएचएम) पदं कंत्राटी असतात, हे रुजू होण्याआधी घरी सांगून ठेवा.

एवढं करूनही नाव अपात्र यादीत आलं तर हरकतीची मुदत त्याच दिवशी बघा, ती थोड्या दिवसांची असते. हरकत एका पानाची लिहा: अर्ज क्रमांक, शेरा जसाच्या तसा, त्याविरुद्ध कोणता नियम, आणि अर्जासोबत आधीच जोडलेला कागद कितव्या पानावर आहे. यासाठीच अर्ज देतानाच सगळ्या पानांना क्रमांक घाला आणि पूर्ण संचाची झेरॉक्स घरी ठेवा. हरकतीत नवा कागद सहसा घेत नाहीत. हरकत हाताने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.